माफीचा साक्षीदार सुटतो, तेव्हा पोरं काय शिकतात?

जोशी-अभ्यंकर खून खटला म्हटलं की पुण्यातल्या एका पिढीला चार नावं अजून पाठ आहेत. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा जणांचे जीव घेतले आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयात शिकणारी, विशीतली मुलं होती ही. पण या खटल्यात आणखी एक विद्यार्थी होता. पहिल्या खुनात, ओळखीच्याच एका मुलाला पळवून नेऊन मारलं त्यात, तोही सामील होता. तो माफीचा साक्षीदार झाला, त्याने कोर्टात सगळं सांगितलं आणि फाशीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही.

तो का सुटला, आणि अशा सुटकेचा त्याच वयाच्या इतर मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या खटल्यानंतर नव्याने विचारला जातो. ‘नावं सांगितली की सुटतो’ हे वाक्य आता कट्ट्यावरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्याही तोंडी असतं. ते अर्धंच खरं आहे. आणि राहिलेलं अर्धं नेमकं त्या मुलाच्याच विरोधात जातं, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

आधी कायदा काय आहे ते पाहू. गुन्ह्यात स्वतः सामील असलेल्या आरोपीला काही अटींवर माफी देऊन सरकारी पक्षाचा साक्षीदार करता येतं. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ते ३०८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये आहे. ती सगळ्या गुन्ह्यांना लागू होत नाही. सत्र किंवा विशेष न्यायालयातच चालणारे खटले किंवा सात वर्षांपर्यंत अथवा त्याहून जास्त शिक्षा असलेले गुन्हे, एवढ्यांपुरतीच ती आहे. माफी पोलीस देत नाहीत, न्यायालय देतं, आणि का दिली याची कारणं दंडाधिकाऱ्याला नोंदवावी लागतात. चौकीतल्या कुणी ‘नाव सांग, तुला सोडवतो’ असा शब्द दिला, तर त्या शब्दाला या कायद्यात काडीची किंमत नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगतोय, कारण नेमकं हेच मुलांना कुणी सांगत नाही.

माफीची मुख्य अट अशी की गुन्ह्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं, खरं आणि पूर्ण सांगायचं. त्यात स्वतःने काय केलं तेही आलं. काही लपवलं किंवा खोटं सांगितलं आणि सरकारी वकिलाने तसं प्रमाणित केलं, तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्याचा खटला त्याच्यावर वेगळा चालतो. शिवाय आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावं लागतं. आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात हे वेगळं सांगायला नको. म्हणजे ‘सुटला’ हे बातमीत एका ओळीत येतं, पण प्रत्यक्षात त्या सुटकेआधी तुरुंगातली कित्येक वर्षं असू शकतात.

मग अशी सवलत ठेवायचीच कशाला? कारण काही गुन्ह्यांना साक्षीदारच नसतो. बंद खोलीत कट शिजतो, मारलेल्याचा मृतदेह पिंपात घालून तळ्यात टाकला जातो. तिथे काय घडलं ते आतल्या माणसाशिवाय कोण सांगणार? कोल्हापूरच्या गावित प्रकरणात हे फार विदारक रीतीने दिसलं. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित यांच्यावर १९९० ते १९९६ या काळात १३ लहान मुलांना पळवल्याचा आरोप होता. गर्दीत चोरी करताना पकडले गेलो तर लोकांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ही पोरं वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. गावोगावच्या जत्रा, बस स्टँड, देवळांमधून उचललेल्या या मुलांचा माग लावणं पोलिसांना जवळपास अशक्य होतं. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला तेव्हा कुठे घटनांची साखळी जुळली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोघी बहिणींची फाशी कायम केली, तीही त्याच्या साक्षीला इतर पुराव्याचा आधार मिळाला म्हणून. पुढे अंमलबजावणीतल्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीचं जन्मठेपेत रूपांतर केलं. इतकी वर्षं त्या बायकांसोबत वावरलेला माणूस मोकळा झाला, हे पचवणं अवघड आहे. पण तो बोलला नसता तर किती आयांना आपल्या मुलाचं काय झालं हे कधीच कळलं नसतं, याचाही विचार करावा लागतो.

न्यायालयं अशा साक्षीवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. १९५७ सालच्या सरवण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी घालून दिली. आधी हा माणूस साक्षीदार म्हणून विश्वासार्ह आहे का ते पाहायचं, आणि मग त्याच्या सांगण्याला स्वतंत्र पुराव्याची पुष्टी मिळते का ते तपासायचं. स्वतःची मान सोडवून घेणारा माणूस दुसऱ्याची मान अडकवायला खोटं बोलू शकतो, हे न्यायाधीशांना पुरतं ठाऊक असतं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण सवलत एकदा मिळाली की ती पुन्हा पुन्हा मागता येते, हे शिकणारेही असतात, आणि मुंबईने त्याची किंमत चुकवली आहे.

डेव्हिड हेडली १९८८ मध्ये फ्रँकफर्टच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडला गेला. त्याने लगेच अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेला मदत करायचं कबूल केलं आणि साथीदारापेक्षा बरीच कमी, चार वर्षांची शिक्षा पदरात पाडून घेतली. १९९७ मध्ये तो पुन्हा हेरॉइन प्रकरणात सापडला. पुन्हा मदत केली, पुन्हा सवलत मिळाली, आणि या वेळी तर शिक्षा दोन वर्षांहूनही कमी होती. पुढे याच माणसाने लष्कर-ए-तय्यबासाठी मुंबईत येऊन ताज, लिओपोल्ड, छत्रपती शिवाजी टर्मिनसची पाहणी केली. २६ नोव्हेंबर २००८ नंतर तो २००९ मध्ये पकडला गेला आणि तिसऱ्यांदा सौदा झाला. गुन्हा कबूल करायचा, माहिती द्यायची आणि त्या बदल्यात फाशी टळणार, भारताच्या ताब्यातही दिलं जाणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयानेही त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओवरून साक्ष दिली. त्या साक्षीतून कटाची बरीच माहिती न्यायालयाच्या नोंदीवर आली, हे मान्य. पण १९८८ आणि १९९७ मध्ये त्याला जे मिळालं त्यातून तो काय शिकला असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

हेडली तेव्हा कोवळा पोरगा नव्हता. पोरांवरचा परिणाम बघायचा तर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जावं लागेल.

सॅमी ग्रव्हानो हा न्यूयॉर्कच्या गँबिनो माफिया कुटुंबातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. १९९२ मध्ये त्याने आपला बॉस जॉन गॉटी याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि गॉटीला जन्मठेप झाली. ग्रव्हानोने स्वतः १९ खुनांत हात असल्याचं कबूल केलं होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये त्याला शिक्षा झाली पाच वर्षांची, आणि त्यातली बहुतेक तोवर भोगून झाली होती. बाहेर आल्यावर तो ॲरिझोनात राहू लागला. सरकारी संरक्षण सोडून दिलं. त्याच्या आयुष्यावर पुस्तक आलं आणि ते खपलं. १९९९ मध्ये तर त्याने तिथल्या वर्तमानपत्राला उघड मुलाखत दिली. फेब्रुवारी २००० मध्ये पोलिसांनी त्याला पुन्हा पकडलं, तेव्हा त्याच्यासोबत बायको, मुलगा आणि मुलगीही होती. आरोप होता एक्स्टसी या नशेच्या गोळ्या विकण्याच्या मोठ्या जाळ्याचा. हे जाळं चालवायला मदत करत होती फिनिक्सच्या उपनगरांतली, बऱ्या घरची तरुण मुलं. ती मुलं आधी ग्रव्हानोच्या मुलाच्या ओळखीची होती. २००२ मध्ये ग्रव्हानोला सुमारे २० वर्षांची शिक्षा झाली, मुलगाही तुरुंगात गेला. २०१७ मध्ये सुटल्यावर हा माणूस आता इंटरनेटवर आपल्या जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतो आणि त्या ऐकणारे असंख्य आहेत.

त्या उपनगरातल्या मुलांच्या नजरेने हे पाहा. त्यांच्यासमोर १९ खून मान्य केलेला, पाच वर्षांत बाहेर आलेला, पैसा आणि नाव असलेला माणूस उभा होता. गॉटीच्या खटल्यातली कायद्याची गरज त्यांना दिसत नव्हती. तोवर तीन खटल्यांतून सुटलेला गॉटी या साक्षीमुळे अखेर आत गेला, हेही त्यांच्या हिशेबात नव्हतं. न्यायालयाची सवलत तरुणांना बिघडवते ती बहुतेक अशीच, कायद्याच्या पुस्तकातून नव्हे तर सुटलेला माणूस नंतर कसा जगतो, कसा मिरवतो यातून. मोठ्या माणसांना सवलत मिळते तेव्हा तिची कारणं न्यायालयाच्या कागदात राहतात आणि माणूस रस्त्यावर येतो.

आता त्या राहिलेल्या अर्ध्या सत्याकडे येतो. हा सगळा व्यवहार माहितीचा आहे. बाजारात जाताना खिशात जितका पैसा, तितकाच माल मिळतो, तसं इथे आहे. ज्याच्याकडे माहिती जास्त, त्याला सवलत जास्त. आणि टोळीत माहिती कुणाकडे असते? वरच्यांकडे.

अमली पदार्थांचं उदाहरण घ्या, कारण शहरांतली पोरं बहुतेक त्याच वाटेने आत येतात. पुडी पोचवणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला काय माहीत असतं? एक मोबाइल नंबर, जो उद्या बंद होणार. एक टोपणनाव. माल कुठून येतो, पैसा कुठे जातो, कोण कुणाला हप्ता देतो, यातलं काहीही त्याला कळू दिलं जात नाही. टोळ्या मुद्दामच तसं करतात. तपास यंत्रणेला मात्र साखळीत वर जायचं असतं. वरच्या माणसाकडे वह्या, खाती, नावं, ठिकाणं सगळं असतं. त्यामुळे ‘सहकार्य’ करून सुटण्याची संधी खरी कुणाला, तर ज्याने जास्त गुन्हे केले त्याला. एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाची, वाहतूक करणाऱ्या पोराकडे ५० ग्रॅमच्या वर माल सापडला तर कायद्याने ती व्यावसायिक मात्रा. किमान शिक्षा दहा वर्षं आणि जामीन अतिशय अवघड. त्याने माल कुणाचा आहे हे सांगायची कितीही तयारी दाखवली, तरी ते त्यालाच ठाऊक नसेल तर करायचं काय?

अमेरिकेत ही विसंगती फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९८६ च्या कायद्याने अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना वजनावर किमान शिक्षा बांधून दिल्या. नुसत्या पाच ग्रॅम क्रॅक कोकेनला किमान पाच वर्षं. त्या किमान शिक्षेखाली जायची मुख्य वाट एकच उरली, ती म्हणजे सरकारला भरीव मदत करणं. परिणाम असा झाला की साखळीतल्या वरच्यांनी माहिती देऊन शिक्षा कमी करून घेतली आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, ते निरोप्ये, पाळत ठेवणारी पोरं, कुणाच्या तरी मैत्रिणी, पूर्ण शिक्षा भोगत राहिल्या. तिथल्या अनेक न्यायाधीशांनी आणि कायद्याच्या अभ्यासकांनी यावर उघड टीका केली आहे.

म्हणजे ‘पकडलं तर नावं सांगू आणि सुटू’ या भरवशावर जो पोरगा आत शिरतो, तो अशा खेळात उतरतो जिथे त्याच्या हातात एकही पान नसतं. शिवाय त्याच्यावरचे सगळे त्याचंच नाव सांगायला मोकळे असतात. मला तरुणांना सांगावंसं वाटतं ते एवढंच.

पण हे ऐकून मुलगा थांबेल का? तरुण मन शिक्षेचा हिशेब कसा करतं, यावर बराच अभ्यास झाला आहे. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स भागातल्या गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यात दिसलं की जास्त काळ कोंडून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी होत नाही. पकडले जाण्याची खात्री वाटली तर मात्र थोडा फरक पडतो. शिवाय या वयात मित्र बघत असले की धोका पत्करण्याची ओढ वाढते. पुण्यात कोयते नाचवत रील टाकणारी मुलं पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडली आहेत, त्यांतली किती तरी अल्पवयीन. रीलवर कोयता दाखवताना त्या मुलाच्या डोक्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता नसते. त्याच्या डोक्यात असतात दहा मित्र, आणि नुकताच बाहेर आलेला, गाड्यांच्या ताफ्यातून मिरवणूक निघालेला एखादा ‘भाई’. म्हणून माझं मत असं बनलं आहे की सवलतीचा कायदा एकट्याने मुलांना गुन्ह्याकडे ओढत नाही. सुटून आलेल्याचं जाहीर कौतुक ते काम करतं, आणि सवलत त्या कौतुकाला माणूस पुरवते.

या सवलतीचा उलट परिणामही होतो, तो नाकारता येत नाही. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया याने १७६४ मध्येच दोन्ही बाजू मांडल्या होत्या. साथीदाराला माफी देऊन कायदा विश्वासघाताला मान्यता देतो आणि स्वतःचा दुबळेपणा उघड करतो, ही एक बाजू. पण कुणीही फुटू शकतो हे कळलं की गुन्हेगारांचा एकमेकांवरचा भरवसा तुटतो आणि मोठे कट रचणंच अवघड होतं, ही दुसरी. त्याच्या मते अशी माफी खटल्या-खटल्यात सौदा करून देण्यापेक्षा सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या कायद्याने दिलेली बरी. अडीचशे वर्षांनीही मला हा मुद्दा पटतो. पडद्याआडच्या सौद्यातून ‘सेटिंग’चा वास येतो, आणि हा वास पोरांना सगळ्यांत आधी येतो.

त्याच्याच देशाने हे पुढे करून पाहिलं. १९८४ मध्ये टोमासो बुशेट्टा हा माफिया म्होरक्या न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यापुढे बोलला आणि १९८६-८७ च्या पालेर्मोतल्या महाखटल्यात तीनशेहून जास्त जण दोषी ठरले. २३ मे १९९२ रोजी माफियाने फाल्कोने यांना बॉम्बस्फोटात मारलं. तो बॉम्ब उडवणारा जोव्हान्नी ब्रुस्का. त्याच ब्रुस्काने साक्ष देणाऱ्या एका माफियाच्या मुलाला, वय वर्षं बारा, पळवून नेलं. बापाने साक्ष मागे घ्यावी म्हणून त्याला दोन वर्षांहून जास्त काळ डांबलं आणि शेवटी मारवलं. १९९६ मध्ये पकडल्यावर ब्रुस्काही सहकार्य करायला लागला आणि २५ वर्षांनी, मे २०२१ मध्ये सुटला. इटलीत तेव्हा संताप उसळला. फाल्कोने यांच्या बहीण मारिया यांनी मात्र म्हटलं की वेदना होतात, पण हा कायदा माझ्या भावालाच हवा होता आणि तो पाळला पाहिजे. इटलीने २००१ मध्ये नियम कडक केले होते. जे काही माहीत आहे ते १८० दिवसांत सांगायचं आणि सवलत हवी तर किमान पाव शिक्षा, जन्मठेप असेल तर दहा वर्षं, भोगायचीच. ग्रव्हानोच्या पाच वर्षांशेजारी ब्रुस्काची २५ वर्षं ठेवून पाहा. दोघांनीही सहकार्यच केलं, पण बघणाऱ्या पोराला यातून वेगवेगळा अर्थ लागतो.

आपल्याकडे एक गल्लत नेहमी होते. अल्पवयीन म्हणून मिळणारी वागणूक आणि माफीचा साक्षीदार म्हणून मिळणारी सुटका या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. टोळ्या मात्र दोन्हींचा मिळून एकच प्रचार करतात, की ‘तू अठराच्या आतला, तुला काही होत नाही’. हे खोटं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलाने निर्घृण गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. आणि मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. या कलमाची बातमी क्वचितच वाचायला मिळते. पोरं पकडल्याचे फोटो येतात, त्यांना कोयता आणून देणाऱ्याला झालेल्या शिक्षेचे येत नाहीत.

तरुणांसाठी कायद्याने ठेवलेली खरी सवलत वेगळ्याच ठिकाणी आहे आणि ती मिळवायला कुणाचंही नाव सांगावं लागत नाही. नशेच्या आहारी गेलेला, थोड्या मात्रेसह पकडला गेलेला मुलगा स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ खाली त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जातं. २१ वर्षांखालच्या तरुणाला जन्मठेपेइतकी शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचं असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे न्यायालयाला त्याची कारणं लिहावी लागतात. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. आणि वकील करायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तुमच्या ओळखीतला एखादा मुलगा अशा भानगडीत सापडला आणि कुणी त्याला ‘सही कर, सोडवतो’ म्हणत असेल, तर सहीआधी हा फोन करा.